डाव्या बाजूचा पत्रा

"उस्ताद, हिच्यात खोट काढून दाखवा."

इंद्रजित साळोखेनं हे म्हटलं तेव्हा त्याचा एक हात गाडीच्या टपावर होता आणि दुसरा खिशात. विनंती कसली, आव्हानच होतं ते.

दस्तगीर मिस्त्री बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

"चहा संपू दे," ते म्हणाले.

गाडी होती एकोणसत्तर सालची, अमेरिकन. दोन दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, बाटलीसारखा गर्द हिरवा रंग. तिकडच्या पोरांना वेगाचं वेड लागलं त्या दिवसांतली. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाकडून तात्यासाहेब मगदुमांनी ती कधीकाळी घेतली, आणि आता ती कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या त्यांच्या गुळाच्या गोदामात उभी होती. तात्यासाहेब वारले. अडतीला जागा पुरेना, म्हणून त्यांचा मुलगा भरतेश ती विकायला निघाला होता.

इंद्रजित कोण, हे पुण्या-मुंबईच्या गाडीशौकिनांना सांगावं लागत नाही. जुनी गाडी घ्यायची तर आधी त्याचा दाखला. तो 'मूळची' म्हणाला की मूळची, 'ठोकलेली' म्हणाला की ठोकलेली. बारा वर्षांत त्याचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

ही गाडी मात्र गिऱ्हाइकासाठी नव्हती. दुसऱ्यांच्या गाड्या पारखता पारखता ही पहिली तो स्वतःसाठी घेत होता, पुण्याजवळचा प्लॉट विकून. येत्या रविवारी मुंबईत शौकिनांचा मेळा होता. हातोडी न लागलेली अशी गाडी देशात दुसरी नाही, असं तो तिथल्या मंडळींना आधीच सांगून बसला होता.

सकाळी आठलाच तो गोदामात आला होता. गरम इंजिन कुणाशीही गोड बोलतं, म्हणून त्यानं ते थंड असतानाच सुरू करायला लावलं आणि धुराचा रंग पाहिला. चासीचा नंबर इंजिनाशी जुळवला. गालिचा उचलून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. दारांच्या फटी मोजल्या. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवलं. पत्र्यावर पुट्टी भरलेली असली की चुंबक तिथं हात सोडतं. इथं त्यानं कुठंच सोडला नाही.

दाखला लिहून झाला होता. 'रंग एकदा दिलेला. पत्रा संपूर्ण मूळचा.' सही तेवढी राहिली होती.

उस्तादांना त्यानं सल्ल्यासाठी आणलंच नव्हतं. अकरा वर्षं तो त्यांच्या हाताखाली पत्रा ठोकायला शिकला, आणि त्या अकरा वर्षांत 'चांगलं झालं' हे दोन शब्द त्याच्या कानांवर कधी पडले नाहीत. 'चालंल' ऐकलं होतं, तेही सणासुदीला. ते दोन शब्द आज घेऊनच जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. माणूस कितीही मोठा झाला तरी एका कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं राहून गेलेलं असतं.

चहा संपला.

उस्ताद उठले. चष्मा काढून खिशात ठेवला. खांद्यावरचं धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं पत्र्यावर टाकलं, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून डाव्या बाजूनं पुढून मागं चालू लागले. मधे फडकं असलं की कातडी अडत नाही आणि पत्र्याची लहर हाताला कळते. ही त्यांची जुनी रीत. चुंबकाला त्यांच्या गॅरेजात मज्जाव होता.

मागच्या चाकाच्या वर त्यांचा हात थांबला.

बराच वेळ थांबला...

"काय सापडलं?" इंद्रजितनं विचारलं.

"काय न्हाई."

इंद्रजित हसला. त्याला हवं होतं ते निम्मं मिळालं होतं. मग त्याला राहवेना. उस्तादांना हाताला धरून त्यानं गाडीच्या मागं आणलं, गुडघ्यावर बसवलं आणि दोन्ही बाजू उजेडात दाखवल्या. उजवीकडच्या पत्र्यात दारातून येणारा उजेड जरासा वाकतो, कारखान्यात दाबताना तेवढी लहर राहून गेली आहे, असं त्याचं म्हणणं. डावीकडं मात्र बघा.

"आरसा आहे, उस्ताद. असा पत्रा हातानं होत नाही. हे माणसाचं कामच नव्हे."

"आसं?"

"माझा शब्द."

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं कठीण आहे. हसू म्हणावं तर ओठ मिटलेले होते.

"सही केलीस?"

"तुम्ही बघेपर्यंत थांबलो होतो."

"मग उजवीकडनं हात घाल."

मागची डिकी उघडी होती. तिच्या कडेला, चाकावरचं आतलं आवरण आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तिथं बॅटरीचा उजेड नीट पोचत नाही. आतून सगळं काळ्या रंगानं माखलेलं असतं, म्हणून सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. इंद्रजितही गेला नव्हता. चुंबकानं हात सोडला नाही तर तिथं कोपर सोलून घ्यायचं कशाला?

त्यानं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला.

"काय लागतंय?"

"काही नाही. गुळगुळीत."

"आता डावीकडनं."

तो डावीकडं गेला. हात घातला. बोटं वर सरकली...

आणि तिथंच थांबली.

काळ्या रंगाखाली पत्रा गुळगुळीत नव्हता. बारीक ठोके होते, नखाएवढे, एकाला एक लागून, तांबट आळीतल्या हंड्यावर असतात तसे. शेकडो. आणि ते कसेही पडलेले नव्हते. दोन जवळ जवळ, मग जरा जागा, तिसरा किंचित पुढं सरकून. परत दोन, परत तिसरा.

इथं एक सांगायला हवं. दस्तगीर मिस्त्रींची हातोडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आवाजावरून ओळखत. ठक ठक... ठक. उस्ताद गॅरेजात आहेत की जेवायला गेलेत, हे लोकांना रस्त्यावरूनच कळे. शिकणाऱ्यानं ही चाल चुकवली की बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी बसायची, आणि इंद्रजितच्या पेरांवर ती पुष्कळ बसली होती. शेवटी ती चाल त्याच्या हातात अशी भिनली की दार वाजवतानाही तो तसंच वाजवी. बायको त्यावरून हसायची.

इंद्रजितचा चेहरा उतरला.

"हे... हे माझं काम आहे."

उस्ताद फडकं झटकू लागले.

"माझाच हात आहे हा. पण ही गाडी तर मी..."

"तात्यांनी रंग कदी दिला हिला?"

"एक्क्याण्णव साली. कागदावर आहे."

"तवा तू केवढा?"

इंद्रजितनं मनात हिशेब केला. चार वर्षांचा. हात अजून फटीतच होता. तो काढावा असं त्याला वाटेना.

"उस्ताद... तुम्ही?"

"मला इचारू नको. तात्यासाब गेले. त्यास्नी दिलेला शब्द अजून हाय."

शब्द कसला, ते उस्तादांनी सांगितलं नाही. पण न सांगता कळण्याजोगंच होतं. तात्यासाहेब बाजारात वाघ आणि घरी आल्यावर मांजर, हे सगळ्या शाहूपुरीला ठाऊक होतं. हौसेची गाडी, कुठंतरी दिलेली धडक, आणि घरी पत्ता लागू नये म्हणून मिस्त्रीच्या पायांशी येऊन बसलेला अडत्या. असा माणूस 'कुणाला बोलू नका' याशिवाय दुसरं काय मागणार?

इंद्रजितनं हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत काळा झाला होता.

त्याला पहिल्यांदा राग आला, आणि तो लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. एवढं माहीत होतं तर सकाळीच खुणावायचं होतं, तो म्हणाला. सही झाली असती. रविवारी शंभर माणसांत उभा राहिलो असतो, आणि एखाद्यानं ह्या फटीत हात घातला असता तर बारा वर्षांचं नाव मातीत गेलं असतं.

"हात कोण घालणार हुता?" उस्तादांनी विचारलं.

कुणीच घातला नसता. त्यानं स्वतःही घातला नव्हता.

तो बारदानाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. समोर डावी बाजू चमकत होती. आरसा. माणसाचं काम नव्हे, असं तो थोड्या वेळापूर्वी म्हणाला होता, तेही ज्या माणसाचं ते काम होतं त्याच्या तोंडावर. पुट्टी नाही, की कुठं सांधा दिसत नाही. सपाट पत्र्यातून, चार-सहा हातोड्या आणि एक वाळूची पिशवी एवढ्यावर घडवलेलं ते वळण. ते कारखान्याच्या वळणापेक्षा सरस निघालं, आणि नंतर पस्तीस वर्षं त्याबद्दल तोंडातून चकार शब्द नाही. इंद्रजित एवढं काम करता तर त्यानं गावभर फलक लावले असते, हे त्यालाही कळत होतं.

राग कधी उतरला ते त्याला समजलं नाही. हा माणूस आपला उस्ताद आहे, याचा एवढा अभिमान त्याला आजवर वाटला नव्हता.

तेवढ्यात भरतेश मगदूम गाडीचे कागद घेऊन आला. झाली का सही, त्यानं विचारलं.

इंद्रजितनं लिहिलेला दाखला उचलला, उभा फाडला आणि नवा कागद घेतला. यावेळी सावकाश लिहिलं. 'डावीकडचा मागचा पत्रा मूळचा नाही. हातानं घडवलेला.' खाली सही केली आणि कागद भरतेशपुढं सरकवला.

भरतेशनं तो दोनदा वाचला. गोरामोरा झाला बिचारा. तात्या तर म्हणायचे गाडीला ओरखडासुद्धा नाही, तो म्हणाला. एकदा दोन महिने रंगवायला दिली होती तेवढीच. आई कित्येक वर्षं विचारायची, रंगाला कुठं दोन महिने लागतात?

मग त्याची नजर उस्तादांकडं वळली.

"मिस्त्री, तुम्हाला काही ठाऊक होतं का हो?"

"गूळ यंदा चांगला पिवळा दिसतोय," उस्ताद म्हणाले.

भरतेश सरळ माणूस. खोट निघाली आहे तर ठरलेला आकडा खाली आणू, असं तो आपण होऊन म्हणाला. इंद्रजितनं मान हलवली. ठरलं तेच देणार. कमी करायचंच असेल तर उजव्या बाजूचं कर, तिथं लहर आहे.

भरतेशला यातलं काही समजलं नाही. तो पेढे आणायला गेला.

गोदामात दोघंच राहिले.

"रविवारी काय सांगशील?" उस्तादांनी विचारलं.

"कागदावर आहे तेच. हातोडी लागलेली गाडी आहे म्हणून सांगीन. आणि सगळ्यांना फटीत हात घालायला लावीन."

"कुणाची हातोडी म्हणून इचारतील."

"कोल्हापूरची म्हणेन. तुमचा शब्द मोडणार नाही."

उस्तादांनी मान डोलावली. फडक्याची घडी घालून खांद्यावर टाकली, चष्मा लावला आणि जायला निघाले. दारापर्यंत पोचलेही.

इंद्रजित अजून आपल्या काळ्या हाताकडं बघत होता. दोन शब्द मागायला आलेल्या त्या माणसाला आता ते मागायची लाज वाटत होती. पण जे खुपत होतं ते बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"डोळे फसले ते ठीक आहे, उस्ताद. चुंबक फसलं तेही ठीक. पण आत हात घातल्यावर माझी बोटंसुद्धा फसली. तुमचं काम मला माझंच वाटलं."

उस्ताद दारात थांबले. वळले नाहीत.

"सकाळधरनं तू केलेली तेवढीच एक पारख बरोबर हाय, इंद्र्या."