सात पेवांचा तपासनीस

फार वर्षांमागची गोष्ट. एका राज्यात रीत होती, की सुगी झाली म्हणजे प्रत्येक घराने आपल्या धान्याचा दहावा वाटा गावच्या कोठारात द्यायचा. ते धान्य जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये भरायचे आणि दुष्काळ पडला तरच बाहेर काढायचे.

पेवांत खरोखर काय आहे हे पाहायला राजाने फिरते तपासनीस नेमले होते. ते गावोगाव पायी जात, पोकळ सळई खुपसून तळाचे दाणे वर काढत आणि जे दिसेल ते चावडीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत. कोठार सांभाळणाऱ्या कोठावळ्याला ते आवडो की न आवडो.

गोमाजी हा असाच एक तपासनीस. वीस वर्षे तो चालत होता. एका वर्षी तो घरी परतला, तेव्हा त्याच्या वडिलांना जाऊन सोळा दिवस झाले होते. तेरावाही भावकीने उरकला होता.

"माणूस तीन गावं तुमच्या मागं फिरला," त्याची बायको साळू म्हणाली. "जिथं जावं तिथून तुम्ही पुढं गेलेले."

दोन दिवस गोमाजी जेवला नाही.

त्याच महिन्यात आबूराव कोठावळ्यांचा निरोप आला. नदीकाठच्या मोठ्या कोठाराचे ते मुख्य. सात पेवे आणि त्यांवर विसंबलेली बारा गावे. "आमच्या कोठाराला घरचा तपासनीस हवा आहे," ते म्हणाले. "राहायला घर देतो, वर्षाचं धान्य देतो. तुमची वणवण थांबेल."

गोमाजी आपल्या वडीलधाऱ्या गुरूकडे, हैबतरावांकडे गेला. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले.

"काका, मला माझ्या बापाला खांदा देता आला नाही," गोमाजी म्हणाला. "आता चालवत नाही."

"मग जा की. घरी राहावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही," हैबतराव म्हणाले. "पण आधी शब्द घे. वर्षातून एकदा तू चावडीवर वाचणार, आणि कोणी अडवणार नाही. शब्द मिळाला नाही, तर जाऊ नकोस."

गोमाजीने आबूरावांकडे तो विषय काढला. आबूराव हसले. "अहो, आधी या तर खरं! पुढचं पुढं बघू." गोमाजीने पुन्हा विचारले नाही. विचारले तर काय उत्तर येईल, हे त्याला कळून चुकले होते.

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. तो रोज घरी जेवू लागला. मुलीचे लग्न ठरले.

तिसऱ्या वर्षी पाऊस अतोनात झाला. पावसानंतर गोमाजीने पेवांत सळई खुपसली, तर चार पेवांतून काळा, आंबूस लगदा वर आला. नदीचे पाणी खालून शिरले होते. त्याने सगळे नीट लिहिले आणि कागद आबूरावांना दिला.

"हे आत्ता बाहेर पडलं तर लोक पुढचा वाटा देतील का?" आबूराव म्हणाले. "सुगीला नवं धान्य भरू, तोवर गप्प राहा. आणि लेकीचं लग्न वैशाखात ना? मांडव आमच्याकडून."

गोमाजी गप्प राहिला.

थोड्याच दिवसांत राजाचा फिरता तपासनीस आला. तो होता सटवाजी, गोमाजीचा जुना सोबती. त्याने पेवांवरची 'तपासले' अशी गोमाजीची मोहोर पाहिली आणि सळई खांद्यावरून खाली उतरवलीच नाही.

"तू पाहिलंस म्हणजे मी पाहिल्यासारखंच," तो म्हणाला. "पाय फार दुखतात रे. बसू जरा."

गोमाजीच्या ओठांवर शब्द आले होते. पण त्याने साळूला ताक आणायला सांगितले. सटवाजी ताक प्यायला आणि चावडीवर 'सातही पेवे भरलेली' असे वाचून पुढच्या गावी निघून गेला.

अतिपावसाने त्या सुगीची पिके गेली आणि पुढच्या वर्षी पाऊस पडलाच नाही. नवे धान्य आले नाही. पौषात पेवे उघडली. तीन पेवांतले धान्य बारा गावांना महिनाभरही पुरले नाही. मग भुकेल्या लोकांनी तो काळा लगदाच धुऊन, वाळवून खाल्ला. आधी लहान मुले गेली, मग म्हातारी माणसे. सहा गावांत सरणाला लाकूड उरले नाही.

आबूराव कुटुंबासह राज्य सोडून पळाले. लोकांनी गोमाजीला चावडीवर उभे केले. दोन लेकरे गमावलेली एक बाई पुढे आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारले.

"होतं. मी लिहून दिलं होतं."

"कोणाला?"

"आबूरावांना," गोमाजी म्हणाला. बाई पदर सावरून निघून गेली. तिच्यामागून एकेक करत सगळेच उठले. राजाने त्याला शिक्षा केली नाही, कारण कागद खरा होता. पण त्या दिवसानंतर बारा गावांत त्याच्याशी कोणी बोलले नाही. त्याची स्वतःची लेकही माहेरी आली नाही.

ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांच्या कानी जे पडत नाही, ते सत्य लिहून ठेवणाराही लपवणाऱ्यांतच जमा होतो.