नकाशावरचा तांबडा चौकोन

एका गावात एक फटकळ मेंढपाळ होता. नाव धुळाबा. ओढ्याकाठी त्याचं शेत होतं आणि पदरी साठ मेंढ्या. वरच्या अंगाला पूर्वी रंगाचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याने ओढ्याकाठची सगळी जमीन नासली. कारखाना बंद पडला, जमीन सुधारली नाही. पण हे कुणी बोलत नसे. जमीन नासली म्हटलं की तिला गिऱ्हाईक नाही आणि घराला सोयरीक नाही. धुळाबाही पाच वर्षं सांगत होता, "गुडघे दुखतात, म्हणून शेत पडीक टाकलंय."

एके दिवशी सोलरच्या प्लेटांसाठी जागा ठरवायला शलाकाबाई नावाच्या अधिकारी आल्या. चावडीपुढे लोक जमले. बाईंनी टॅबवर आभाळातून काढलेला नकाशा दाखवला. त्यात गायरान पिवळं होतं, ओढ्याकाठ हिरवागार.

"प्लेटा गायरानावर बसतील. ती जागा ओसाड आहे," बाई म्हणाल्या.

सरपंचांनी लगेच मान डोलावली. त्यांचंही शेत ओढ्याकाठीच होतं.

धुळाबाने चावडीमागे बसलेल्या आपल्या मेंढ्यांकडे पाहिलं. गायरान गेलं तर मेंढ्या चारायच्या कुठं? आणि गायरान वाचवायचं, तर झाकलेलं उघडं करावं लागणार. तो उठला.

"बाई, हा फोटो वैशाखातला. वैशाखात गायरान पिवळंच असतं. पावसाळ्यात या, गुडघाभर गवत दाखवतो. ओढ्याकाठी हिरवी दिसते ती वेडी बाभळ. पीक नव्हे."

"नकाशा खोटं बोलत नाही, आजोबा."

"आभाळातून रंग दिसतो, बाई. चव दिसत नाही."

त्याने आपल्या विहिरीचं पाणी बादलीभर आणलं आणि मेंढ्यांपुढे ठेवलं. भर दुपारची तहानलेली मेंढरं धावत आली, हुंगली आणि मागे फिरली. एकीनेही तोंड लावलं नाही.

"धुळाबा, गप बस!" सरपंच ओरडले. "गावाची अब्रू घालवतोस!"

"ती त्या पाण्यात कधीच गेली. मी गुडघ्यांचं नाव सांगत बसलो, ही माझी चूक." तो बाईंकडे वळला. "माझं शेत पहिलं लिहा. नासलेलं म्हणून, माझ्या नावानिशी लिहा."

बाईंनी माती-पाणी तपासून घेतलं. धुळाबाचं खरं निघालं. नकाशात त्याच्या शेतावर तांबडा चौकोन उमटला.

पारावरची माणसं हसली. "काय धुळाबा, विषाचे पाटील झालात म्हणे!"

"झालो. तुम्हीही आहात. तुम्ही चोरून, मी उघड."

दुसऱ्या दिवशी एक शेजारी आपलंही शेत नासलेलं लिहून द्यायला बाईंकडे गेला. मग दुसरा. महिन्याभरात ओढ्याकाठ तांबडा झाला. शेवटचा चौकोन सरपंचांचा होता.

प्लेटा ओढ्याकाठी बसल्या. नासल्या जमिनीवर वीज पिकू लागली. पुढच्या वर्षी आषाढात शलाकाबाई मुद्दाम गायरान पाहायला आल्या. गवत गुडघाभर होतं. मेंढ्या चरत होत्या.

तात्पर्य: नकाशा कितीही नवा असो, खरं सांगणारा माणूस नसेल तर तो आंधळाच. आणि खरं सांगायचं, तर सुरुवात स्वतःच्या शेतापासून करावी.