दोन भाऊ आणि पिवळा दिवा

एका गावात दोन भावांची मिळून एकच गाडी होती. थोरला हिंदुराव, धाकटा संपत. बाप गेल्यावर रान वाटलं, घर वाटलं, म्हैस वाटता येईना म्हणून विकली. प्रवासी भाड्यानं नेणारी गाडी तेवढी राहिली. तिच्यावरच दोन्ही घरं चालायची. मग पाळी ठरली. एक आठवडा थोरल्याचा, एक धाकट्याचा. सोमवारी चावी बदलायची. आणि ज्याच्या आठवड्यात गाडी बिघडेल, त्यानं आपले दिवस मोडून ती मिस्त्रीकडं न्यायची. दुसऱ्यानं त्यात पडायचं नाही. नियम काही वाईट नव्हता. तो पाळणारे कसे होते ते ऐका.

एकदा हिंदुरावाच्या आठवड्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. भाड्याचे चांगले दिवस होते. मिस्त्रीकडं जायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं तालुक्याहून काडेपेटीएवढी एक डबी आणली. ती स्टिअरिंगच्या खाली खोचायची, की गाडीला काय दुखतंय ते फोनवर उमटतं. सोय चांगली आहे, उगाच फोनला नावं ठेवणार नाही. फोननं सरळ सांगितलं, इंजिन गार ठेवणारा पंखा मधूनच बंद पडतोय, दाखवून घ्या. पण त्याच्याच खाली ती नोंद पुसायचं बटण होतं. हिंदुरावानं वरचं वाचलं आणि खालचं दाबलं. दिवा विझला. पंखा होता तसाच राहिला. पंख्याला तुमचं बटण काय कळतंय?

सोमवारी त्यानं चावी दिली.

“काय आवाजबिवाज करती का?” संपतनं विचारलं.

“नव्या नवरीसारखी चालतीया. घे.”

काही दिवसांनी दिवा परत लागला. फोन संपतकडंही होता. तसलीच डबी त्यानं गुपचूप आणली. त्यानंही वाचलं, त्यानंही पुसलं. आणि चावी देताना वर म्हणाला, “दादा, तुझ्यापरीस माझ्याच हातात बरी चालती बघ.” थोरला हसला. धाकटाही हसला. एकमेकांना फसवून वर हसायचं, याला काय म्हणावं?

सगळा हिवाळा असाच गेला. दिवा लागायचा, ज्याचा आठवडा असेल तो पुसायचा, आणि सोमवारी चावी दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. थंडी होती म्हणून गाडीनं सोसलं.

त्यांची आई हौसाबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यातला तर अगदी पिकलेला. उन्हाळ्यात घाटापलीकडच्या गावी डोळ्यांचं शिबिर लागलं. एकाच दिवसाचं. त्यात तिचं नाव लागलं. म्हातारी खूश झाली. म्हणाली, “मी तांदूळ निवडते आन् सूनबाई माझ्यामागं परत निवडत बसती. बोलत न्हाई बिचारी, पण मला कळतंय. आता तिचा तेवढा ताप वाचंल.”

आठवडा संपतचा होता. निघायच्या आधी दिवा लागलेला त्यानं पाहिला. शेजारी दादा बसणार, म्हणून घाईघाईनं पुसून टाकला. मग संपत चालवायला, हिंदुराव त्याच्या शेजारी, आई मागं, असे निघाले.

घाट लागला. ऊन तापलं. गाडीच्या तापाचा काटा वर सरकू लागला. तो दोघांनाही दिसला.

“काटा वर चाललाय न्हवं?” हिंदुराव म्हणाला.

“चढ हाय, दादा. माथ्यावर गेलं की उतरंल.”

“व्हय, चढच हाय.”

चढामुळं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. जरा थांबू, पंखा चालत नाही, एवढंच बोलायचं होतं. पण बोललं असतं तर लपवलेलं सगळं बाहेर आलं असतं. म्हणून आईला मागं बसवून दोघं गप्प राहिले.

“कसला वास येतोय रे?” आईनं विचारलं.

“डांबर तापलंय, आई,” संपत म्हणाला.

पुढच्याच वळणावर भस्सकन वाफ आली आणि इंजिन जाम झालं. गाडी कडेला उभी राहिली. आईला उतरवून सावलीत बसवलं. मग हिंदुरावानं सवयीनं खिशातली डबी काढली. त्याच वेळी संपतनंही काढली. दोन्ही डब्या सारख्याच. दोघं एकमेकांच्या हाताकडं बघत उभे राहिले.

“काय बघताय रे दोघं?” आई म्हणाली. “मला दिसत न्हाई, बोला तरी.”

संपतनं मान खाली घातली. “आई, पंखा बंद पडतोय ते मला ठाऊक हुतं.”

“मलाबी हुतं,” हिंदुराव म्हणाला. “त्याच्या आधीपासनं.”

म्हातारीनं दोघांच्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, “म्हंजे गाडीत आपण तिघं हुतो, आन् ठाऊक नव्हतं ते मला एकटीलाच.”

दुधाचा टेम्पो मिळाला, पण ते पोचले तेव्हा शिबिराचा मांडव सोडत होते. डॉक्टर निघून गेले होते. गाडीचं इंजिन कायमचं गेलं. आता तरी आईला शहरात नेऊन डोळा दाखवावा की नाही? थोरला म्हणे, गाडी संपतच्या आठवड्यात बंद पडली, त्यानं न्यावं. धाकटा म्हणे, पंखा दादाच्या आठवड्यात बिघडला, त्यानं न्यावं. हे भांडण चालू असतानाच पिकलेल्या मोतीबिंदूनं आत दाब वाढून उजवा डोळा गेला. मग मात्र दोघं धावले. डॉक्टरांनी डावा वाचवला. उजव्याला उशीर झाला होता.

आता दोघंही आईपाशी येऊन बसतात, पण वेगवेगळ्या वेळी. आणि बसतात ते तिच्या डावीकडं. उजवीकडं बसलं तर तिला सगळी मान वळवून बघावं लागतं. ते त्यांच्यानं बघवत नाही.

तात्पर्य: बिघाड ज्याच्या नजरेला पडला, त्यानंच तो बोलून दाखवावा. झाकून दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला बिघाड शेवटी ज्याचा काही दोष नाही त्याला भोवतो, आणि मग दोघांनी मिळून रडलं तरी भरून येत नाही.