पाचचा की दहाचा

"...तेवढंच सांगा बुवा, पाचचा घेऊ का दहाचा?"

दिगंबरशेठ खरमाटे पायऱ्या चढून धापा टाकत आले, आणि बसायच्या आधीच त्यांनी हा प्रश्न टाकला.

निवांतबुवा डाळीतले खडे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "पाच काय नि दहा काय?"

"जनरेटर हो. पाच केव्हीएचा की दहाचा?"

"हां... आणि त्याला जोडायचं काय?"

"वेल्डिंगचं मशीन."

"आणखी?"

"आणखी काही नाही. तेवढंच."

बुवांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मशीन केवढं आहे?"

"घरगुती, हौसेचं. बारीक रॉड लागतो त्याला." शेठ जरा ओशाळले. "पण दुकानदार म्हणाला, दहाचाच घ्या, कुठं नडणार नाही."

"दुकानदाराचं काय नडतंय? पाचचा पुरे."

शेठचं तोंड उतरलं.

इथं मला मध्ये बोलायलाच हवं. मी बुवांच्या मठात भाकऱ्या थापते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे. मठ वाघजाईच्या टेकडीवर, देवीच्या देवळाला लागून. टेकडीवर वीज नाही. खाली गावात शेठची बेकरी आहे. खारी-बटर विकून माणूस सुखात आहे, पण जीव रमतो तो लोखंडात. घरचा झोपाळा त्यांनी स्वतः जोडलाय. बसलं की कुरकुरतो, पण मोडत नाही.

तर टेकडीच्या पायऱ्या मठाच्या जरा खाली एका जागी वळतात. तिथं एका अंगाला दरी, आणि नेमका तिथलाच कठडा तुटलेला. तेव्हापासून बायजाक्का वर आलेली नव्हती. ऐंशी पार केलेली बाई, त्याआधी एक जत्रा कधी चुकवली नव्हती तिनं. "हाताला धरायला काही नाही, मी कशी येऊ गं?" म्हणायची आणि खालूनच देवीला हात जोडून घरी जायची. बघवत नसे.

यंदा शेठनी भर चावडीत छातीवर हात मारून सांगितलं, "आक्का, या जत्रेला तू वर येणार. कठडा मी माझ्या हातानं जोडणार." म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. आणि आता जत्रा उद्यावर आली होती, कठडा होता तसाच.

"दहाचा असला म्हणजे जरा भारदस्त दिसतं, बुवा."

"दिसतं की. वर कोण आणणार?"

शेठनी पायऱ्यांकडे बघितलं... मग स्वतःच्या पोटाकडे.

"पाचचाच आणतो."

दुपारच्या आत जनरेटर आला. बांबूला बांधून चौघांनी खांद्यावरून आणला. शेठ पुढं, आणि त्यांच्या हातात झेंडूचा हार.

हो, हार तर हवाच! नवी वस्तू आली आणि नारळ फुटला नाही, असं आमच्याकडे होतं का कधी? हळदकुंकू झालं, हार झाला, पेढ्यांचा नैवेद्य झाला. दाखवला जनरेटरला, खाल्ला आम्ही.

शेठनी दोरी ओढली. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मांडववाला पुढं आला. "शेठ, दोन हॅलोजन लावून बघू का? उद्याची काळजी मिटेल."

"लाव की! आपलाच आहे!"

टाकीवरचा माणूस आला. "पाण्याची मोटर लावू?"

"विचारतोस काय? लाव!"

आमच्या स्वयंपाकघरातून, जत्रेसाठी गावातून उसन्या आणलेल्या मिक्सरची वायर गेली. तिलाही कोणी नाही म्हटलं नाही.

शेवटी आला गजाबा माइकवाला. त्यानं विचारलंसुद्धा नाही. वायर खुपसली आणि सुरू झाला, "हॅलो, हॅलो... माइक टेस्टिंग... श्री. दिगंबरशेठ खरमाटे यांच्याकडून भाविकांसाठी जनरेटरची सेवा! श्री. दिगंबरशेठ खरमाटे!"

आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. शेठ पुरीसारखे फुगले.

मग त्यांनी वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढं धरली आणि कठड्याच्या पाइपला रॉड टेकवला.

चट्... रॉड चिकटला.

ओढून सोडवला, पुन्हा टेकवला. पुन्हा चट्. जनरेटर घरघरला, हॅलोजन मिणमिणले, मिक्सरनं रडका सूर लावला. पाइप मात्र जसाच्या तसा.

शेठ उठले ते थेट बुवांपुढं. तोंडावर रागापेक्षा आनंदच जास्त. गुरू चुकला की शिष्याला किती बरं वाटतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

"बुवा! म्हटलं होतं ना, दहाचाच हवा?"

"म्हटलं होतंस."

"आता काय करू? आक्का उद्या येऊन खाली उभी राहील. काय तोंड दाखवू तिला?"

हे बोलताना मात्र त्यांचा आनंद कुठल्या कुठं गेला.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. जनरेटरपाशी गेले आणि वाकून बघायला लागले.

"हे कशाचं?"

"हॅलोजनचं."

बुवांनी वायर उपटली.

"हे?"

"मोटर... पाण्याची."

तीही उपटली.

"आणि हे?"

"अहो, माझी चटणी!" मी आतून ओरडले.

"पाट्यावर वाट," बुवा म्हणाले, आणि मिक्सर बंद पडला.

वेल्डिंग मशीन सोडलं तर आता एकच वायर उरली. बुवांचा हात तिकडे जायच्या आत शेठच घाईघाईनं म्हणाले, "तो माइक आहे बुवा. त्याला करंट फारसा लागत नाही."

"खरंच?"

"देवीची शपथ. मशीनला काडीचा फरक पडणार नाही."

"मग राहू दे."

बुवा वळणाच्या पायरीवर जाऊन बसले.

शेठनी रॉड टेकवला. आता कशी झकास ठिणगी पडली! रॉड चिकटेना, जनरेटर दमेना. लोखंड वितळून जागेवर बसायला लागलं.

"श्री. दिगंबरशेठ खरमाटे..."

शेठची मान वर झाली. रॉड सुटला, आणि जोडाच्या जागी नुसता गोळा जमला.

शेठनी तो ठोकून काढला. पुन्हा बसले.

"दानशूर श्री. दिगंबरशेठ..."

आता दानशूर लागलं होतं पुढं! शेठचा कान तिकडे आणि हात इकडे. पाइपला भोक पडलं.

बुवा दरीकडे बघत होते.

शेठनी कसंबसं भोक बुजवलं. कपाळ पुसलं, दात-ओठ खाल्ले, खाली वाकले. जोड अगदी अर्ध्यावर आला होता...

"दानशूर श्री. दिनकरशेठ खरमाटे..."

"दिगंबर! अरे दिगंबर रे गाढवा!" शेठ हातातला रॉड उंचावून ओरडले.

आम्ही सगळे हसलो. मांडववाला तर खांबाला धरून हसला. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी अर्ध्या जोडाकडे बघितलं. खाली गावाकडे बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं.

मग बुवांकडे बघितलं.

"बुवा... करंट तर पुरतोय."

"पुरतोय."

"मग?"

बुवा पुन्हा दरीकडे बघायला लागले.

शेठनी हातातला रॉड खाली ठेवला. मग चालत गेले आणि माइकची वायर आपल्या हातानं काढली.

टेकडी एकदम शांत झाली. नुसता जनरेटर गुरगुरत होता.

गजाबा धावत आला. "शेठ, लाइट गेली का?"

"नाही. मी काढली."

"आणि तुमचं नाव हो? अजून चार वेळा घ्यायचंय!"

"राहू दे रे," शेठ म्हणाले, आणि काच डोळ्यांपुढं धरली.

त्यानंतर मान वर झाली नाही. चहा नेला तो गार झाला. दिवेलागणीला शेठ उठले तेव्हा त्यांना कंबर सरळ करता येईना.

कठडा निवल्यावर बुवा उठून त्याच्यापाशी गेले. दोन्ही हातांनी धरला, आणि सगळा भार टाकून दरीवर ओणवे झाले! मी किंचाळलेच. शेठनी तर डोळेच मिटले.

कठडा तसूभर हलला नाही.

"चालेल," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जत्रा भरली. शेठ सकाळपासून वळणावर उभे. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसते रामराम घालत होते, पण नजर सगळी खाली.

आणि बायजाक्का आली. नातसुनेचा हात सोडून, एकेक पायरी चढत, एकटी आली. वळणावर तिचा हात कठड्यावर पडला आणि सरकत पुढं गेला. ना तिनं खाली दरीकडे बघितलं, ना कठड्याकडे, ना शेजारी उभ्या असलेल्या शेठकडे. तिची नजर वर कळसावर होती. "आले गं बाई, आले," एवढंच पुटपुटत ती वर गेली. मला भाकरी दिसेना, इतकं डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या वेळानं शेठ बुवांपाशी येऊन बसले.

"बुवा, आक्का वर आली."

"आली."

"पण..." शेठनी टोपी काढून हातात घेतली. "पण तिनं कठड्याकडे बघितलंसुद्धा नाही हो."

बुवा हसले. त्यांनी ताटातली अर्धी भाकरी मोडून शेठच्या हातावर ठेवली.

"बघावं लागलं असतं, तर जोड कच्चा असता, शेठ."