हिवाईची मडकी

“अजून काय करू, बुवा? तुम्हीच सांगा!”

भिवसन आला तोच तावातावानं. डोक्यावर भरलेलं मडकं, पाणी डचमळून खांदा भिजलेला. सांबगीर बुवांचा हा थोरला चेला. हिवाईदेवीच्या ओट्याची राखण त्याच्याकडं, आणि त्याचा ताठा तर विचारू नका.

गावची रीतच होती तशी. घरात हिवताप शिरला की हिवाईपुढं मडकं भरून ठेवायचं. पाणी आपसूक आटेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलंच कुणी, तर भिवसन काठी घेऊन उभा!

त्या साली ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आणि आता भिवसनचीच लेक घोंगडीखाली कुडकुडत पडली होती.

“गोळ्या दिल्यास?” बुवांनी विचारलं.

“नर्सबाईनं दिलेल्या सगळ्या दिल्या. ताप उतरला, पोर हसायला-खेळायला लागली… अन् काल पुन्हा हुडहुडी भरली. या देवीचं पोट तरी कधी भरायचं?” त्यानं मडकं दाणकन ओट्यावर ठेवलं.

“देवी घोटभर तरी प्यालीय का रे?”

“म्हणजे?”

“त्या जुन्या मडक्यात हात घाल.”

“मी? नवसाच्या पाण्यात?”

“घाल म्हणतो ना, गाढवा!”

भिवसननं ओंजळ वर काढली. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. मडक्याच्या काठावरनं एक डास उठला, गावाच्या अंगानं निघून गेला.

“याच अळ्यांचे डास होतात. तेच गावभर ताप वाटत फिरतात. अन् तू त्यांना पोसलंस. काठी घेऊन पोसलंस!”

भिवसननं ओंजळ झटकून टाकली.

बुवा उठले. कुंकू लावलेलं ते मडकं त्यांनी लाथेनं उडवलं. मग त्याच्या शेजारचं. मग सगळी ओळच. ओट्यावरनं पाण्याचे लोट वाहिले.

“बुवा! लोकांचे नवस आहेत ते! देवी कोपेल!”

“कोपू दे माझ्यावर.”

शेवटी एकच मडकं उरलं. भिवसननं आत्ता आणलेलं, ताज्या पाण्याचं, लेकीच्या नावाचं. तिथं मात्र बुवा थांबले.

भिवसन संतापानं ओरडला. “आता का थांबलात? गावाचे नवस तुडवलेत ना? मारा यालाही लाथ!”

बुवा धापा टाकत ओट्याच्या कडेला टेकले.

“मी कशाला? पोर तुझी आहे.”