घंटेचं पाणी

"किती पाजायचं, अक्का? ओंजळभर, की तांब्याभर?"

नरहरबुवा भरला तांब्या घेऊन देवराईतल्या देवळात उभे होते. न बोलणाऱ्या मुलाला घंटेवरून ओतलेलं पाणी पाजलं की वाचा फुटते, असं त्या भागात मानतात. बुवांबरोबर त्यांची चार वर्षांची लेक म्हाळसा होती. तिने अजून एक शब्द उच्चारला नव्हता.

देऊळ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अक्कांनी तांब्याकडे पाहिलंही नाही. बुवांना लहानपणी पहिले अभंग त्यांनीच शिकवले होते. आता बुवा चार-चार तास कीर्तन करीत आणि मध्ये घोटभर पाण्यालाही थांबत नसत.

"आधी काय काय केलंस?"

"वेखंड उगाळून चाटवलं. मध लावला. पोपटाचा उष्टा पेरूसुद्धा खाऊ घातला."

"पोपट तरी बोलत होता का?"

बुवांना ते झोंबलं.

"लोक हसतात, अक्का. बुवा गावाला शहाणं करतात आणि घरी दिव्याखाली अंधार, म्हणतात. तेही सोसलं असतं. पण..."

"पण?"

बुवांनी आवाज खाली आणला.

"एकटी असली की ती भिंतीसमोर उभी राहते. हात वर करते, मान डोलवते, ओठ हलवते. तास तासभर. आवाज मात्र नाही. तिची आई म्हणते, बाहेरचं काहीतरी शिरलंय. ती आता पोरीला जवळ घेत नाही. आज वाचा फुटली नाही, तर हिला इथेच देवाच्या पायाशी सोडून येईन, असं सांगून आलोय."

लेकीवर बुवांचा जीव होता. भीतीही होती.

म्हाळसा पायरीवर बसून धुळीत बोटाने रेघा ओढत होती. भर दुपारी देवराईत पानसुद्धा हलत नव्हतं.

"हाक मारली की बघते?" अक्कांनी विचारलं.

"बघते की. हसतेसुद्धा."

"मागून मारलीस कधी?"

बुवा आठवू लागले...

अक्का उठल्या. म्हाळसेच्या पाठीमागे मोठी घंटा टांगलेली होती. दोन्ही हातांनी लोलक ओढून त्यांनी टोल दिला.

झाडांवरची वटवाघळं भर उन्हात उडाली. बुवांनी कान झाकले. त्यांच्या हातचा तांब्या निसटला आणि खडखडत पायऱ्या उतरून गेला.

म्हाळसेचं बोट धुळीत तसंच फिरत होतं.

खांबाला धरून बुवा खाली बसले.

अक्कांनी मुलीला कडेवर घेतलं, तिचा तळवा घंटेवर टेकवला आणि पुन्हा टोल दिला.

म्हाळसेने हात झटकन मागे घेतला. मग आपणहून पुन्हा ठेवला. थोड्या वेळाने गालही टेकवला आणि डोळे मिटले.

नाद विरत चालला. अक्कांनी हाताने घंटा धरून थांबवली.

घुमणं थांबलं नाही.

तोच नाद, तसाच खालचा... बुवांनी गाभाऱ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. त्यांच्या अंगावर काटा आला. मग त्यांना कळलं, तो आवाज पोरीच्या गळ्यातून येत होता.

"अक्का... ती बोलली?"

अक्कांनी म्हाळसेला बुवांच्या मांडीवर बसवलं.

म्हाळसेने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. हात उंचावला, मान डोलवली, आवाजावाचून ओठ हलवले. समोर हुबेहूब कीर्तनात उभे असलेले बुवा होते.

बुवा बघतच राहिले.

अक्कांनी तिचा तळवा उचलून बापाच्या गळ्यावर ठेवला. म्हाळसा हात तसाच ठेवून वाट पाहत राहिली.

चार-चार तास बोलणाऱ्या माणसाला एक शब्द सुचेना. त्यांनी ओल्या डोळ्यांनी अक्कांकडे पाहिलं.

"बोल, नरहरी," अक्का म्हणाल्या. "चार वर्षं पोरीला वाटतंय, आपला बाप मुका आहे."