इमारतीला केलेला नमस्कार

गोष्ट फार जुनी नाही. ब्रह्मदेशात ऐरावती नदीच्या काठच्या एका नगरात एक वृद्ध आचार्य राहत होते. नाव ऊ तेझा. पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारीत नसे. तिकडे शिक्षकाला 'सया' म्हणतात, शिक्षिकेला 'सयामा', आणि शिक्षक वयाने व विद्येने मोठा असेल तर 'सयाजी'. त्यातला 'जी' आपल्या कानाला ओळखीचा वाटतो खरा, पण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'थोर' असा आहे. बुद्ध, धम्म, संघ आणि आईवडील यांच्याच पंक्तीत तिथे गुरूला बसवतात. वर्षातून एकदा जुने विद्यार्थी जमतात, गुरूंपुढे गुडघे टेकतात आणि मस्तक भूमीला लावतात. गुरू स्वतः मात्र वाकतो तो बुद्धमूर्तीपुढे आणि भिक्षूंपुढे. इतर कुठे नाही.

सयाजी तंत्रविद्यापीठात बांधकामाचे शास्त्र शिकवीत. त्यांच्याच विभागात दॉ खिन म्या नावाच्या सयामा होत्या. 'ऊ' आणि 'दॉ' म्हणजे तिकडचे श्रीयुत आणि श्रीमती. सिमेंट आणि पोलाद एकत्र कसे नांदतात हा त्यांचा विषय. दोघांची विद्यार्थ्यांवर सारखीच माया होती, स्वभाव मात्र दोन टोकांचे. सयाजी ताठ, मोजके बोलणारे. सयामा मृदू, थोड्या वाकून चालणाऱ्या, चुकलेल्या मुलाला ओरडण्याऐवजी शेजारी बसवून घेणाऱ्या.

मग एके वर्षी राज्यकर्त्यांनी विद्यापीठाला कुलूप घातले. मुले राज्यकर्त्यांविरुद्ध रस्त्यावर उतरली होती, म्हणून. कुलूप लवकर निघेल असे सगळ्यांना वाटले. ते काही वर्षे निघाले नाही. तेव्हा नगराबाहेरच्या एका विहाराच्या महास्थविरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुख भिक्षूंनी, दोघा शिक्षकांना बोलावून सांगितले, "माझ्याकडे मोकळी जागा आहे आणि उघड्यावर भरणारी बालभिक्षूंची आणि गावातल्या मुलांची शाळा आहे. तुमच्याकडे रिकामी बसलेली मुले आहेत. काहीतरी बांधा." त्यातून ती दुमजली शाळा उभी राहिली. नकाशा सयामांचा, देखरेख सयाजींची आणि हात विद्यार्थ्यांचे. त्या विद्यार्थ्यांत सांदा नावाची एक मुलगी होती. सळया बांधून तिच्या बोटांना घट्टे पडले. कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे सयामा उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा इतक्या जवळजवळ बांधायला लावीत की मुले कुरकुरत, "सयामा, हे कधी कुणाला दिसणारसुद्धा नाही." सयामा हसून म्हणत, "दिसू नये म्हणूनच बांधायचं."

पुढे विद्यापीठ उघडले, पण एका अटीवर. प्रत्येक शिक्षकाने राज्यकर्त्यांशी निष्ठा राखण्याचे वचन सही करून द्यायचे. सयाजींनी नकार दिला. त्यांची नोकरी गेली, घर गेले. ते विहारात येऊन एका झोपडीत राहू लागले आणि नगरभर त्यांचे नाव झाले. दॉ खिन म्या यांनी सही केली. त्या दिवसापासून लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. गुरुवंदनेच्या समारंभात सयाजींपुढे रांग लागे. सयामा मागच्या चटईवर बसून असत आणि त्यांच्यापुढे दोनचार मुलेच वाकत. सांदा त्या दोनचारांत नव्हती. तिने पदवी सयामांच्या हातून घेतली, सिंगापूरच्या नोकरीसाठी शिफारसही त्यांचीच घेतली, आणि निरोप मात्र न वाकता घेतला. आपण काही चुकलो असे तिला त्या वेळी वाटले नाही.

वीसेक वर्षे गेली. एके दिवशी दुपारी त्या नगराखालची जमीन हलली.

सांदा सिंगापूरहून पोहोचली तेव्हा अर्धे नगर जमीनदोस्त झाले होते. विमानतळापासूनच लोक तिला सांगत होते की विहारातली शाळा उभी आहे. वरच्या मजल्यावर वर्ग भरला होता, आणि एकूण एक मूल जिन्याने चालत खाली आले. हे ऐकताना तिचा ऊर भरून येई. पण त्यापाठोपाठ प्रत्येक जण दुसरी गोष्टही सांगे. दॉ खिन म्या गेल्या. बाजारामागच्या गल्लीत, जुन्या विटांच्या भाड्याच्या घरात, जेवायला बसल्या असताना.

जुन्या विद्यार्थ्यांनी देशोदेशीहून ठरवले होते की शाळेच्या भेगा बुजवायच्या, नवा गिलावा करायचा आणि दारावर सयामांचे नाव कोरायचे. तो निरोप घेऊनच सांदा आली होती. महास्थविरांना ते पसंत होते. मुलांच्या आयांना तर फारच. ज्या भिंतींनी आपली लेकरे परत दिली त्या भिंतींना हात लावून त्या रोज नमस्कार करीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंगणात जमले. सयाजी काठी टेकीत आले. पाठ अजून तशीच सरळ होती. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, शाळेसमोर मातीत गुडघे टेकले आणि जसे बुद्धमूर्तीपुढे टेकवतात तसे तीन वेळा मस्तक जमिनीला लावले. लोक थक्क झाले. मग त्यांनी मजुराकडून लाल रंगाचा डबा आणि ब्रश मागून घेतला, आणि एकेका कॉलमपाशी जाऊन त्यावर मोठी फुली मारली. शेवटची फुली मारून झाल्यावर ते मुकादमाला म्हणाले, "उद्यापासून उतरवायला घ्या. वरून खाली. घाई करू नका."

सांदा पुढे झाली. "सयाजी, उतरवायची? उभी आहे ती."

"उभी दिसते आहे."

"भेगा भरता येतील. मी तपासलंय, बाहेरचे देश याहून वाईट इमारती दुरुस्त करतात."

"करतात. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, वेळ आहे. इथं मुलं आहेत, आणि जमीन अजून थांबलेली नाही."

"पण सयामा गेल्या, सयाजी. त्यांचं असं एवढंच मागे उरलंय." सांदाने लाल फुलीकडे बोट दाखवले. "नमस्कारही करायचा आणि पाडायचीही, हे मला कळत नाही."

सयाजींनी ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाले, "तिचं घर पाहिलंस?"

"नाही."

"पाहून ये."

सांदा रागातच निघाली. बाजारामागच्या गल्लीत विटांचे ढीग दोन्ही बाजूंना सारले होते. सयामांच्या घराच्या जागी रिकामा चौकोन होता. समोर एक बाई चूल मांडून माशाच्या रश्शातल्या शेवया विकत होती. तिच्या दुकानावर आता छप्पर नव्हते. सांदाने आपली ओळख सांगताच तिने तिला चटईवर बसवले.

"रोज माझ्याकडून शेवया न्यायच्या," बाई म्हणाली. "त्या दिवशीही वाडगा घेऊन गेल्या. मी इथंच होते. काय सांगू तुम्हाला, ते घर हललंसुद्धा नाही. इतकी जाड भिंत. उभं होतं, आणि मग नव्हतंच. मी हाकही मारू शकले नाही."

"त्यांनी घर कधी बदललं नाही?"

"मिळतं कुठं? त्या सहीनंतर कुणी त्यांना भाड्यानं द्यायला तयार नव्हतं. मालक म्हातारा होता, त्यानं दिलं." बाईने चुलीतले लाकूड आत सारले. "तुम्ही जेवून जा."

सांदाने वाडगा हातात घेतला. 

ऊन कलताना ती विहारात परतली. सयाजी शाळेच्या कोपऱ्यातल्या कॉलमपाशी उभे होते. तिथे सिमेंट गळून पडले होते आणि आतले पोलाद उघडे झाले होते. त्यांनी तिला जवळ बोलावले.

"बघ."

सांदाने पाहिले. उभ्या सळया वाकल्या होत्या, पण तुटल्या नव्हत्या. त्यांच्याभोवती रिंगा एकीला एक लागून, जशा बांधल्या होत्या तशाच होत्या. न दिसणाऱ्या जागी बांधलेले ते काम इतक्या वर्षांनी तिच्या डोळ्यांसमोर होते.

"गल्लीतली बाई काय म्हणाली?" सयाजींनी विचारले.

"म्हणाली, घर हललंसुद्धा नाही."

"हो. ते ताठ राहिलं आणि एका क्षणात गेलं. ही इमारत मात्र वाकली. कुरकुरली, तिला भेगा पडल्या, गिलावा खाली आला, मुलांना भीती वाटली आणि मुलं बाहेर पडली. पोलाद ताणलं जात होतं तेवढा वेळ तिनं त्यांना दिला. खिन म्या वर्गात सांगायची ते आठवतं? न मोडणारं काही आपण बांधू शकत नाही. मोडताना आतल्या माणसाला वेळ मिळेल, एवढंच आपल्या हातात आहे. अनित्य म्हणजे काय ते बुद्धानं सांगितलं. अप्रमाद, क्षणभरही गाफील न राहणं, म्हणजे काय, ते मला या रिंगा पाहून कळलं."

मग त्यांनी काठीने वाकलेल्या सळया दाखवल्या.

"एकदा इतकं ताणलेलं पोलाद पुन्हा तेवढं ताणलं जात नाही, मुली. या इमारतीचं देणं देऊन झालंय. आता गिलावा करून, नाव कोरून, पुन्हा मुलं आत बसवली, तर ज्या बाईनं त्यांना वाचवलं तिच्याच नावाखाली आपण त्यांना मारू. म्हणून उतरवायची."

सांदाने होकारार्थी मान हलवली. पण ती तिथून हलली नाही. "आणि नमस्कार?"

सयाजींनी काठी कॉलमला टेकवली. पलीकडे बालभिक्षू विहिरीवर भांडी घासत होते, त्यांचा आवाज येत होता.

"सहीच्या दिवशी मी ताठ राहिलो," ते म्हणाले. "मला त्याचा पश्चात्ताप नाही. कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या वर्गातली मुलं अर्ध्यावर राहिली. कुणी टॅक्सी चालवायला लागलं, कुणी सीमेपलीकडे गेलं, दोघं तुरुंगातून परत आले नाहीत. तिनं सही केली, आणि तुमची सगळी तुकडी परीक्षा देऊन, पदवी घेऊन, दार पुन्हा बंद व्हायच्या आत बाहेर पडली. ती वाकली तेवढ्या वेळात तुम्ही बाहेर पडलात."

सांदाने कॉलमवर हात टेकला.

"मी तिच्याशी तीन वर्षं बोललो नाही," सयाजी पुढे म्हणाले. "मग बोलू लागलो, पण हे बोललो नाही. दरवर्षी तुम्ही माझ्यापुढे वाकायचात आणि ती मागं बसून बघायची. मला वाटायचं, पुढच्या वर्षी मी स्वतः उठून तिला पुढं आणून बसवीन." त्यांनी हात पुढे करून उघड्या सळईला बोट लावले. "गुरूनं कुठं वाकावं याचे नियम आहेत. मी ते पाळले."

 सांदा खाली बसली आणि त्याच मातीत, त्याच कॉलमपुढे तिने मस्तक टेकले. पुष्कळ वेळ ती तशीच होती. सयाजींनी तिला उठवले नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. मुलांच्या आया आधी रडल्या, मग सांदाने त्यांना कोपऱ्यातला कॉलम दाखवून सगळे समजावले, तेव्हा त्या मुकाट्याने विटा वाहू लागल्या. महास्थविरांनी नव्या शाळेची जागा अंगणातल्या चिंचेपलीकडे दाखवली आणि सांदाने रजा वाढवून घेतली. वरची स्लॅब तुकड्यातुकड्यांनी खाली आली, मग भिंती.

शेवटच्या दिवशी सयाजी चिंचेखाली चटई टाकून बसले होते. सांदा त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली, आणि थबकली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसण्याचा त्यांनी काही प्रयत्न केला नव्हता. इतक्या वर्षांत तिने त्यांना असे पाहिले नव्हते.

"सयाजी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वर्गात सांगायचात, जे घडतं ते मोडतंच, हे ज्याला कळलं त्याला दुःख उरत नाही."

"असं सांगायचो मी?"

"हो."

"तेव्हा तरुण होतो," सयाजी म्हणाले. मग उरलेल्या बीमकडे पाहत ते म्हणाले, "मोडणार आहे हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे, मुली. खिन म्या नाही, हे आत्ता कळतंय."

सांदाने पेला त्यांच्याजवळ ठेवला. शिष्याने बसावे तशी ती त्यांच्या किंचित मागे, चटईच्या कडेला बसली. आणि शेवटचा बीम खाली येईपर्यंत दोघे तिकडे पाहत राहिले.